रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी लोकलमध्ये चढायची भीती वाटते

एका बाईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 34, राहणं डोंबिवलीला, ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) म्हणजे उतरायचं कुर्ल्याला. काही महिन्यांपूर्वी सकाळच्या फास्टमध्ये ठाणं सुटल्यावर अचानक छातीत धडधड, श्वास पुरेना, हातांना मुंग्या, ‘आता मी इथेच जाणार’ असं वाटलं, बायकांनी तोंडावर पाणी मारलं आणि घाटकोपरला उतरवलं. ईसीजी झाला, टूडी एको झाला, सगळं नॉर्मल. पुढे अजून तीनदा असंच झालं आणि आता लोकल बंदच, काही दिवस कॅब, बाकी दिवस घरून काम, पर्समध्ये कुणीतरी दिलेली अर्धी गोळी, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत विचार. विचारलंय की हे हार्टचं तर नाही ना, गोळ्यांची सवय लागते का, आणि मन कायमचं खंबीर कसं करायचं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्याकडेच प्रॅक्टिस करते, आणि सेंट्रल लाइनवरच्या या तक्रारी घेऊन इतक्या बायका येतात की मला स्टेशनांच्या नावांवरून भीतीची पायरी सांगता येते. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

हार्टचं आधी उरकते. वय 34, बीपी-शुगर नाही, ईसीजी आणि एको व्यवस्थित, आणि तुम्ही सहज म्हणून लिहून गेलात ते सगळ्यात महत्त्वाचं, की लिफ्ट बंद होती तेव्हा पाच मजले चढून गेलात आणि काही झालं नाही. हृदयाचं दुखणं बहुतेक वेळा उलटं वागतं, चढताना किंवा ओझं उचलताना छाती भरून येते आणि बसलं की कमी होतं. तुमचं उभ्या जागी येतं, दहाएक मिनिटांत टोकाला जातं आणि अर्ध्या तासात उतरतं. हे चित्र पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्याचं आहे. पण बाकी वाचणाऱ्यांनी हे वाचून ‘माझंपण पॅनिकच असेल’ म्हणून घरी बसू नये. चाळिशी ओलांडलेली असेल, डायबेटिस असेल, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरत असेल, श्रम करताना शुद्ध हरपली असेल किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल तर आधी डॉक्टर. बायकांमध्ये तर हार्टचा त्रास कधीकधी नुसती धाप, मळमळ, पाठदुखी अशा रूपात पण येतो. तेव्हा नीट एकदा तपासून घ्यायचं. एकदा म्हणजे एकदाच, दर महिन्याला नाही, ते का ते पुढे येईलच.

दोन साध्या ब्लड टेस्ट तुमच्या यादीत दिसल्या नाहीत, त्या करून घ्या: थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, थरथर, घाम हे सगळं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. आणि हिमोग्लोबिनचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्त कमी असलं की जिना चढतानाच काय, नुसतं घाईने चाललं तरी छाती धडधडते आणि मग आपण घाबरतो. दम्याचा पंप घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातल्या औषधानेही काही जणांना धडधड होते.

आता त्या दिवशी गाडीत झालं काय ते बघू, कारण हे समजल्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही. आदल्या रात्री मुलाचा प्रोजेक्ट करत बारा वाजलेले, सकाळी नुसत्या चहावर निघालात, आठच्या सुमाराची गर्दी, हात वर करायला जागा नाही. अशात शरीराने कुठेतरी एक छोटा ठोका चुकवला किंवा थोडं गरगरलं. ते कुणालाही होतं. पण तुमच्या डोक्यात लगेच आलं की ‘मला काहीतरी होतंय, आणि इथून तर बाहेरही पडता येणार नाही’. बस, या एका वाक्यावर शरीराने धोक्याची घंटा वाजवली. ॲड्रेनलिन सुटलं, हृदय जोरात पळायला लागलं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळलं म्हणून हात गार पडले, पचन थांबलं म्हणून मळमळलं, आणि श्वास भराभर वरच्यावर सुरू झाला. असा भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, त्यानेच मुंग्या येतात, बोटं आखडतात, डोकं हलकं होतं, आणि गंमत अशी की श्वास जास्त होत असतो तरी वाटतं की पुरत नाहीये. म्हणून माणूस अजून जोरात घेतो आणि अजून मुंग्या येतात. डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये हे वर्तुळ नीट मांडलं: शरीरात काहीतरी जाणवतं, त्याचा भयंकर अर्थ लावला जातो, त्याने भीती वाढते, भीतीने शरीरातलं अजून वाढतं. आज पॅनिकवर जगभर जी थेरपी चालते तिचा बराचसा पाया तोच आहे.

‘चक्कर येऊन पडेन’ ही भीती जवळजवळ प्रत्येकीची असते म्हणून सांगते, बेशुद्ध पडायला बहुतेक वेळा बीपी खाली जावं लागतं आणि पॅनिकमध्ये बीपी उलट थोडं चढलेलं असतं. म्हणजे गरगरतं खूप, पण पडणं विरळा. (रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांचं प्रकरण वेगळं. आणि उपाशीपोटी, मे महिन्यात, पाणी न पिता गर्दीत उभं राहिलं तर भीतीबिती नसलेला माणूसपण पडतो, तेव्हा नाश्ता करून निघा ही सूचना मानसशास्त्राची नाही, तुमच्या आईची समजा.)

आता खरा मुद्दा. पहिला अटॅक हा योगायोग होता, पण लोकल बंद झाली ती त्या अटॅकमुळे नाही, नंतर तुम्ही जे जे सांभाळायला लागलात त्याच्यामुळे. तुम्हाला घाटकोपरला उतरवलं आणि थोड्या वेळात बरं वाटलं. मेंदूने त्यातून हिशोब असा केला की उतरलो म्हणून वाचलो. खरं तर गाडीतच राहिला असतात तरी ती लाट तेवढ्याच वेळात ओसरली असती, पण ते बघायची संधीच मिळाली नाही. दुसऱ्यांदा तुम्ही मुलुंडलाच उतरलात, तिसऱ्यांदा ठाण्याला, मग डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवरूनच परत फिरलात. दर वेळी सुटल्याचा आनंद झाला आणि दर वेळी भीतीचा एरिया एक स्टेशन अलीकडे आला. तुम्ही लिहिलंय की आता लिफ्टमध्ये आणि डी-मार्टच्या बिलिंगच्या रांगेतपण कसंतरी होतं. होणारच, टाळायची सवय एका जागी थांबत नाही.

आणि टाळणं म्हणजे नुसतं न जाणं नाही, त्याची चोरटी रूपं खूप असतात. दाराशीच उभं राहायचं, म्हणजे पटकन उतरता येईल. पाण्याची बाटली हातातच हवी. नवऱ्याला फोन चालू ठेवून बोलत राहायचं. स्मार्टवॉचवर दर दोन मिनिटांनी ठोके बघायचे, आणि 104 दिसले की त्या आकड्यानेच 120 व्हायचे. रात्री गुगलवर तीच लक्षणं परत शोधायची. पुन्हा ईसीजी काढायचा, मग चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी ‘त्या मशीनमध्ये दिसलं नसेल तर?’ अशी शंका येते. आणि ती पर्समधली अर्धी गोळी, जी तुम्ही अजून एकदाही घेतलेली नाही, तरी ती घरी विसरली तर तुम्ही अर्ध्या वाटेतून परत येता. हे सगळं करून प्रवास झाला तर मेंदू म्हणतो ‘बाटली होती म्हणून, गोळी होती म्हणून’. तुमच्या स्वतःच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

सासूबाई म्हणतात रामरक्षा म्हण, त्याबद्दल वेगळं विचारलंय तुम्ही. माझा काही आक्षेप नाही, रोज म्हणत असाल तर म्हणा. फक्त ‘आज म्हटली नाही, आता गाडीत नक्की होणार’ असं वाटायला लागलं तर तीपण त्या गोळीच्याच लाइनीत जाऊन बसली असं समजा, आणि मग मुद्दाम एखाद्या दिवशी न म्हणता चढा.

मग करायचं काय, तर उलट दिशेने एक एक स्टेशन परत घ्यायचं. याला एक्स्पोजर म्हणतात, आणि पॅनिकवर यापेक्षा खात्रीचं काही मला माहीत नाही. तुमच्यासाठी मी पायऱ्या अशा लावेन. रविवारी दुपारी (मेगाब्लॉक बघून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी गाडीच नाही असं व्हायचं) स्लो गाडीने डोंबिवलीहून नुसतं कोपरपर्यंत, उतरायचं, दुसऱ्या बाजूने परत. मिस्टर सोबत येत असतील तर पहिल्या वेळी शेजारी नको, बाजूच्या डब्यात, आणि नंतर तेही नको. मग दिवा. मग मुंब्रा, कळवा, ठाणे. स्लोला दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन येतं म्हणून ती आधी घ्यायची. ठाण्यापर्यंत कंटाळा यायला लागला की दुपारच्या रिकाम्या फास्टने ठाणे. मग तुमचा तो पट्टा, ठाणे ते घाटकोपर, आधी स्लोने मुलुंड-नाहूर-भांडुप-कांजूर-विक्रोळी असं मोजत, नंतर फास्टने सलग. मग कुर्ला. मग संध्याकाळची परतीची गाडी, त्यानंतर सकाळचा पीक अवर. प्रत्येक पायरीवर एक कुबडी काढायची, म्हणजे आज घड्याळ घरी, उद्या बाटली पिशवीत तळाला, परवा दाराशी न थांबता आत सीटांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं. शेवटी एसी लोकल, कारण तिचे दरवाजे बंद होतात आणि घाबरणाऱ्यांना सगळ्यात नको असतं ते हेच. बऱ्याच जणींना वाटतं एसीमध्ये बरं, हवा असते, पण दार बंद झाल्याचा आवाज आला की चेहरे बदलतात.

हे नुसतं ‘धीर करून जा’ नाही, त्याची एक पद्धत आहे. चढायच्या आधी फोनमध्ये लिहायचं की काय होणार असं वाटतंय आणि किती टक्के खात्री आहे. उदाहरणार्थ, ‘मुलुंड यायच्या आत बेशुद्ध पडेन, 80 टक्के’. उतरल्यावर काय झालं ते लिहायचं. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची नोंद अशी होती: ‘धडधड खूप झाली, पडले नाही, भांडुपला जांभई आली’. ती जांभई मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते. लक्षात घ्या, परीक्षा ‘धडधड झाली की नाही’ याची नाही. धडधड होणारच. परीक्षा याची आहे की धडधड झाल्यावर तुम्ही जे भाकीत केलं होतं ते खरं ठरलं का. म्हणून भीती कमी असलेल्या दिवशी केलेल्या प्रवासापेक्षा भीती असताना केलेला प्रवास जास्त कामाचा.

आठवड्यातून तीन-चार वेळा तरी व्हायला हवं, महिन्यातून एकदा मोठं धाडस करून उपयोग नाही. भीतीने मध्येच उतरलात तर उतरलात, रडत बसायचं नाही, घरी पण यायचं नाही, प्लॅटफॉर्मवर बसून पुढची गाडी घ्यायची आणि एक स्टेशन का होईना पुढेच जायचं. आणि ग्रुपमधल्या एका तरी मैत्रिणीला सांगून ठेवा. रोज भाजी निवडत, भिशीच्या गप्पा मारत जाणाऱ्या बायकांपासून हे लपवायचं म्हणजे ते लपवायचंच एक वेगळं टेन्शन होतं. फक्त तिला सांगा की मला काही झालं तरी पाणी मारू नको आणि उतरवू नको, नेहमीसारखी बडबड चालू ठेव.

घरी करायचा अभ्यास पण आहे आणि तो लोकांना आधी विचित्र वाटतो. जी जाणीव घाबरवते तीच मुद्दाम आणायची. जागच्या जागी मिनिटभर जॉगिंग करून धडधड आणायची, ऑफिसच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून गरगरून घ्यायचं, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा. मग तसंच बसून राहायचं, पाणी नाही, घड्याळ नाही, काही नाही, आणि ते आपोआप उतरताना बघायचं. आठ-दहा दिवस केलं की धडधड ही नुसती धडधड राहते. गरोदरपण, दमा, फिट्स, हृदयाचा आजार, मानेचं दुखणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि शक्यतो पहिल्यांदा थेरपिस्टसमोर करा.

श्वासाचे व्यायाम करू का, असं सगळेच विचारतात. करा की. हळू आत, त्याहून हळू बाहेर, पोटाने, रोज दहा मिनिटं, घरी निवांत असताना. झोपेला आणि एकूण ताणाला ते चांगलंच आहे, प्राणायाम येत असेल तर तोच करा, वेगळं काही शिकायला नको. पण गाडीत अटॅक आल्यावर ‘आता श्वासाने याला थांबवतेच’ अशी कुस्ती सुरू केली की तीपण एक कुबडी होते. तेव्हा श्वासाला त्याच्या तब्येतीने चालू द्या. आणि कागदी पिशवीत श्वास घ्यायचा तो जुना उपाय सोडून द्या, त्रास खरंच हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असला तर तो धोक्याचा ठरतो.

रात्रीच्या विचारांचं थोडं वेगळं आहे. तिथे शरीर नाही, ‘आणि असं झालं तर’ ही साखळी आहे. ऑफिसने घरून काम बंद केलं तर, मग नोकरी गेली तर, मग फ्लॅटचा हप्ता, मग मुलाची शाळा, असं करत करत अडीच वाजतात. ‘विचारच करू नकोस’ हा सल्ला घरातले सगळे देतात आणि तो चालत नाही. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं होतं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आला की घंटी वाजवा, तर लोक घंटी वाजवतच राहिले. म्हणून विचार दाबायचे नाहीत, त्यांना वेळ ठरवून द्यायची. संध्याकाळी सात ते साडेसात, डायनिंग टेबलावर, वही घेऊन, बेडरूममध्ये अजिबात नाही. दिवसभरात जो विचार येईल त्याचा एक शब्द टिपून ठेवायचा आणि म्हणायचं, सातला बघू. सातला बसलं की प्रत्येकापुढे एकच प्रश्न, यात उद्या मला करण्यासारखं काही आहे का? असेल तर ते काम लिहायचं, म्हणजे ‘मॅनेजरला गुरुवारी विचारणे की पुढच्या तिमाहीत किती दिवस यावं लागेल’. नसेल तर त्या विचाराला उत्तर द्यायचंच नाही, अर्धवट सोडून उठायचं. हे अर्धवट सोडणं चिंता करणाऱ्यांना फार जड जातं, कारण त्यांना खात्री हवी असते. आणि खात्री ही अशी वस्तू आहे की जितकी मिळते तितकी कमी पडते.

मन कायमचं खंबीर कसं करायचं, या प्रश्नातच मला थोडी अडचण दिसते. ‘मला परत कधीही असं व्हायला नको’ ही अट घातली की छातीत साधं खुट्ट झालं तरी अट मोडल्यासारखं वाटतं, आणि मग भीतीची भीती सुरू. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमाराला जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली (मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली) तिचा सगळा रोख या हट्टावर आहे. मला आवडेल की धडधड होऊ नये, पण झाली तर त्रास होईल, आभाळ कोसळणार नाही. हे वाक्य पाठ करून काही होत नाही, ते अंगात मुरतं फक्त करून. एलिसचीच गोष्ट घ्या, एकोणिसाव्या वर्षी तो मुलींशी बोलायला इतका घाबरायचा की त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिनाभर बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलायचं स्वतःला बंधन घातलं. शंभरावर जणींशी बोलला, डेट ठरली एकच, आणि तीपण आली नाही. पण भीती गेली. (आज असलं कुणी करू नये, बागेत निवांत बसलेल्या बायकांना उगाच ताप.) घ्यायचं ते इतकंच की तो बोलायला गेला तेव्हा घाबरलेलाच होता. आधी धीर आला आणि मग गेला, असं झालं नाही.

खंबीर लोक जन्मतःच तसे असतात असंही नाही. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं मध्यमवयीन होईपर्यंत मागोवा घेतला. त्यातली जी मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचा आजार अशा परिस्थितीत वाढली त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, जबाबदार मोठी झाली, आणि त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे कुणीतरी एक भरवशाचं माणूस, आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. मला याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की विशीच्या आत घसरलेल्यांपैकी बरेच जण तिशी-चाळिशीत सावरले. म्हणजे हे खातं 34 व्या वर्षी बंद झालेलं नसतं. तुमच्याकडे ते भरवशाचं माणूस आहे, लोकल चालू होती तेव्हा मिस्टर रोज स्टेशनवर सोडायला यायचे असं लिहिलंय. त्यांना फक्त दोन गोष्टी सांगा. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणायचं नाही, आणि ‘तुला काही होणार नाही ना’ असं तुम्ही दहाव्यांदा विचारलंत तर दहाव्यांदा उत्तर द्यायचं नाही. आधी ठरवून घ्या, नाहीतर भांडण होईल.

गोळ्यांचं. दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी रोज घ्यायची औषधं. त्यांचा परिणाम यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात कधीकधी बेचैनी वाढते (हे कुणी सांगत नाही आणि लोक तिसऱ्या दिवशी बंद करतात), दारूसारखी किंवा झोपेच्या गोळीसारखी तल्लफ लागत नाही, पण मनाने एकदम सोडायची नाहीत, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू उतरवायची. दुसरी म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, तुमच्या पर्समधली अर्धी बहुधा यातलीच. ही अर्ध्या-एक तासात गुण देते म्हणून आवडते आणि म्हणूनच हिची सवय लागते. शिवाय ती घेऊन केलेल्या प्रवासातून मेंदू काही शिकत नाही. शेजारणीची गोळी घेऊ नका, आणि जी कुणी अशी रोज बरेच दिवस घेत असेल तिने हे वाचून एकदम बंदही करू नये, तसं केलं तर फिट्ससुद्धा येऊ शकतात. औषध लागणं हा कमीपणा नाही. रोजची कामं अडली असतील, झोप-भूक गेली असेल, मन फार खाली गेलं असेल तर मी स्वतः मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते आणि थेरपी सोबत चालू ठेवते.

चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद, कॅफिन शरीरातून अर्धं जायलाच पाच-सहा तास घेतं. दारूने त्या रात्री बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिंता व्याजासकट येते. रोज अर्धा तास घाम येईल इतकं चाला, धडधडीची सवय व्हायला तेपण कामाला येतं. बाकी मोटिव्हेशनल रील्सचं म्हणाल तर बघा नाहीतर बघू नका, फार फरक पडत नाही.

मदत कुठे घ्यायची ते. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मुंबईत केईएम, सायन, नायर या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, नंबर लागायला वेळ जातो पण डॉक्टर उत्तम. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 1990 पासून काम करते. खासगी सायकॉलॉजिस्टकडे जात असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांना आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) रजिस्ट्रेशन विचारा, विचारलेलं वाईट वाटत नाही, आणि पॅनिकसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करता का, एक्स्पोजर करता का, हेही विचारा. दहा सेशन नुसत्या लहानपणाच्या गप्पा झाल्या आणि लोकलचं नाव निघालं नाही तर दुसरीकडे जा. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कुणालातरी सोबत घेऊन जवळच्या हॉस्पिटलात.

एक शेवटचं, म्हणजे पुढे गोंधळ नको. जुनी भीती खोडली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव बसतो. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ठरावीक खुणेवर लाळ गाळायची सवय लावलेल्या कुत्र्यांमध्येपण विझलेली सवय थोडा काळ गेला की परत डोकं वर काढायची. तेव्हा दिवाळीत किंवा मे महिन्यात दोन-तीन आठवडे गावी राहून आलात की पहिल्या दिवशी गाडीत पुन्हा जड जाईल, आणि जुलैत कधीतरी कुर्ल्याला रुळांवर पाणी साचून गाडी विद्याविहारच्या अलीकडे तासभर उभी राहील, पंखे बंद, बाहेर धो-धो पाऊस. ही पायरी आपल्याला यादीत लावता येत नाही, ती रेल्वेच लावते. तेव्हा छाती धडधडली तर ‘सगळं वाया गेलं’ असं धरून दुसऱ्या दिवशी कॅब बुक करू नका. फार तर दोन दिवस स्लोने ठाण्यापर्यंत जाऊन या आणि परत आपली नेहमीची फास्ट पकडा, आणि हो, घाटकोपर सुटलं की दाराकडे सरकायला लागा, नाहीतर कुर्ल्याला कुणी उतरू देणार नाही.